गावचं मातीचं धरण: पावसाळ्याआधी काय बघायचं, पाणी चढल्यावर काय करायचं

एप्रिलमध्ये शहापूर-मुरबाडचा माळ करपून पिवळा पडलेला असतो. अशा दिवसांत धरणाच्या खालच्या उतारावर खाटेएवढ्या जागेत हिरवंगार गवत दिसलं आणि त्यात लव्हाळा उगवलेला असला, तर तिथे थांबा. टाच दाबून बघा. माती रुतली की समजा, धरणाच्या पोटातलं पाणी इथे बाहेर डोकावतंय. लगेच घाबरण्याचं कारण नाही, पण त्या जागी खुंटी ठोका आणि तारीख लिहून ठेवा. धरणाची राखण इथून सुरू होते.

भातसा, बारवी यांसारख्या मोठ्या धरणांवर अभियंते असतात, मोजमापाची यंत्रं असतात. हा लेख ओढ्या-नाल्यावरच्या आठ-दहा मीटर उंचीच्या मातीच्या धरणांसाठी आणि पाझर तलावांसाठी आहे. त्यांच्या पाण्यावर भातानंतर भेंडी, काकडी, वाल निघतो. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधली धरणंही त्यात येतात, पण माथ्याची लांबी ५०० मीटर किंवा साठा १० लाख घनमीटर अशा अटींपैकी एखादी पुरी होत असेल तरच. कायद्याने सक्तीची असलेली पावसाळ्याआधीची आणि नंतरची तपासणी त्यामुळे गावच्या लहान धरणाच्या वाट्याला येतेच असं नाही. ती गावाने, पाणी वापर संस्थेने आणि पाटकऱ्याने मिळून करायची.

मातीचं धरण दोनच मुख्य कारणांनी जातं. एक, पाणी माथ्यावरून वाहतं आणि भराव कापत नेतं. दोन, पाणी आतून वाट काढतं आणि मातीचा कण कण सोबत नेत पोकळी करतं. दोन्हींत माती वाहून जाणं हाच घात आहे. पाणी जाऊ द्यायचं, माती जाऊ द्यायची नाही, हे डोक्यात पक्कं असलं की पुढची बहुतेक कामं आपोआप समजतात.

सांडवा

सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी बाहेर जायची वाट. सगळ्यात जास्त धोका इथे आहे आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच होतात, म्हणून आधी हिशोब करू.

समजा धरणाचं पाणलोट १ चौरस किलोमीटर आहे. आपल्याकडे ताशी १०० मिलिमीटर पाऊस अशक्य नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. असा तासभर पाऊस पडला आणि भिजलेल्या जमिनीवरून त्यातला ८० टक्के वाहून आला, तर तलावात दर सेकंदाला साधारण २२ घनमीटर पाणी येतं. सांडवा २० मीटर रुंद असेल तर एवढं पाणी बाहेर पडायला त्यावरून सुमारे ७५ सेंटिमीटर जाडीची धार वाहावी लागते. सांडव्याच्या पातळीपासून माथा दीड मीटर उंच असेल तर आणखी ७५ सेंटिमीटर हातात उरतात. हे ठीक आहे.

आता याच सांडव्याची अर्धी रुंदी दरडीने, झुडपांनी किंवा कुणी घातलेल्या बांधाने अडली असं धरा. तेच पाणी १० मीटरमधून काढायला १ मीटर २० सेंटिमीटरची धार लागते. माथ्यापर्यंत फक्त ३० सेंटिमीटर उरतात आणि वाऱ्याच्या लाटा तेवढ्या सहज चढतात. त्यात माथा एखाद्या ठिकाणी वीतभर खचलेला असेल तर पाणी तिथूनच उतरणार.

उन्हाळ्यात पाणी पुरावं म्हणून सप्टेंबरमध्ये सांडव्यावर गोण्या रचण्याची पद्धत बऱ्याच गावांत आहे. त्यामागची गरज खरी आहे. मुंबईला पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांवर मार्चनंतर टँकर येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण दोन फूट गोण्या रचल्या म्हणजे ६० सेंटिमीटर उंची आधीच खाल्ली, आणि वर ७५ ची धार आली तर माथा हातभरही उरत नाही. परतीचा पाऊस ऑक्टोबरमध्येही झोडपतो. साठा वाढवायचा असेल तर त्याचा आराखडा अभियंत्याकडूनच करून घ्यावा. गोण्या रचू नका.

वलगणीच्या दिवसांत, म्हणजे पहिल्या मोठ्या पावसात मासे उलटे चढतात तेव्हा, सांडव्यात दगड रचून जाळी लावतात. मासे पकडायला कुणाची ना नाही, पण दगडांची ओळ मागे राहते, तिच्यात पालापाचोळा, प्लास्टिक आणि ओंडके अडकतात, आणि महिन्याभरात तिचा बंधारा होतो. जाळी काढली की दगडही काढायचे, हे त्याच वेळी ठरवून घ्या.

मे महिन्याच्या मध्यापर्यंत सांडवा कडेपासून कडेपर्यंत मोकळा झाला पाहिजे. घाणेरी आणि करवंदीची जाळी मुळासकट काढा. सांडव्याच्या खालच्या चरातही शेवटपर्यंत चालत जा. आपल्याकडे हे चर बहुधा मुरमात खोदलेले असतात. वेगाने उतरणारं पाणी मुरूम खालून कापतं, उभी कपार तयार होते, आणि ती दर पावसाळ्यात धरणाच्या दिशेने सरकत येते. कपारीच्या कडेला खुंटी ठोकून सांडव्याच्या उंबऱ्यापासूनचं अंतर दरवर्षी मोजा. अंतर घटत असेल तर लेखी कळवा. सांडव्याचं पाणी वळून भरावाच्या पायथ्याला घासतंय का, तेही बघा. घासत असेल तर पायथा उघडा पडायला एक मोसम पुरतो.

माथा सपाट आहे का

डोळ्यांना सपाट दिसणारा माथा मोजला की क्वचितच सपाट निघतो. गवंड्याकडची पारदर्शक पाण्याची नळी घ्या. सांडव्याजवळच्या पक्क्या दगडी भिंतीवर खूण करा आणि तिथून दर २० मीटरवर माथ्याची उंची मोजत जा. दोघांचं एका सकाळचं काम आहे. पाण्यात बुडबुडा राहिला तर मोजमाप फसतं, म्हणून नळी भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरून पाणी एकाच उंचीवर उभं राहतं का, हे आधी बघा.

ट्रॅक्टरची आणि शनिवार-रविवारी येणाऱ्या गाड्यांची चाकं माथ्यावर चाकोऱ्या पाडतात. त्यांत पाणी साचतं, मुरतं आणि उतार सरकवतं. माथ्याच्या दोन्ही टोकांना दगड रोवून गाड्या बंद करा. खोलगट जागा भरताना वरून माती लोटून देऊ नका. आधी जुना थर खरवडून ओला करा, मग १५ सेंटिमीटरचे थर देऊन प्रत्येक थर धुम्मसने ठोका. मातीचा ओलावा मुठीत कळतो: गोळा बांधला गेला पाहिजे, तळहात ओला होता कामा नये, आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर गोळ्याचे दोन-तीन तुकडे व्हावेत. भुगा झाला तर माती कोरडी, चपटला तर जास्त ओली. माथ्याला पाण्याच्या बाजूने किंचित उतार ठेवा.

पाझर: किती आणि कसा

प्रत्येक मातीचं धरण थोडंफार पाझरतं. पायथ्याशी दगडांचा रॉक टो असतो तो त्यासाठीच. आतलं पाणी त्यातून बाहेर पडतं आणि माती मागे राहते. रॉक टोचे दगड घराच्या जोत्याला उचलून नेणं म्हणजे गाळणीच काढून नेणं. त्याच्या पुढचा चर गाळाने बुजला तर पाणी भरावात वर चढतं, म्हणून हा चर दरवर्षी साफ करा.

पाझराच्या बाबतीत तीन गोष्टी नोंदवायच्या: पाणी किती, गढूळ की स्वच्छ, आणि त्या दिवशी तलावाची पातळी काय होती. तिसरी नोंद नसेल तर पहिल्या दोन निरुपयोगी ठरतात, कारण तलाव भरला की पाझर वाढणारच. पातळी तीच असून पाझर वाढला, तर मात्र आत काहीतरी बदललं आहे.

थोडा पाझर बादलीने मोजा. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. जास्त असेल तर चरात पत्रा आडवा गाडून त्याला वरून इंग्रजी V च्या आकाराची काटकोनी खाच पाडा. खाचेतून पाणी खाली मोकळं पडलं पाहिजे, पत्र्याला चिकटून उतरता कामा नये. खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजायची, पण खाचेवर नव्हे, तिथे पाणी खाली वाकलेलं असतं. अर्धा मीटर मागे मोजा. ५ सेंटिमीटर उंची म्हणजे सेकंदाला सुमारे ०.८ लिटर, ७ म्हणजे १.८, आणि १० म्हणजे ४.४ लिटर. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाचपट होतं, म्हणून इथे एकेक सेंटिमीटर महत्त्वाचा.

गढूळपणा बघायला एक लिटरची पारदर्शक बाटली पाझराच्या तोंडाशी भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाशी पातळसा का होईना, गाळाचा थर बसला असेल तर धरणाची माती बाहेर येतेय. ही बाटली फेकू नका. तारीख चिकटवून ठेवा, अधिकारी आले की हाच पुरावा. वाहता पाझर एकाएकी थांबला तर तोही शुभसंकेत समजू नका. पाण्याने वाट बदललेली असू शकते, आजूबाजूचा शंभर मीटर भाग तपासा.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर दोष खेकड्यांवर टाकला गेला. खेकडे भरावात बिळं करतात हे खरं आहे, भाताच्या बांधावर ते सगळेच बघतात. पण बीळ दिसतं, मोजता येतं आणि बुजवता येतं. ते वर्षानुवर्षं तसंच राहिलं तर तो देखभालीचा प्रश्न आहे.

बिळं, वारुळं, झाडं

घुशींची, उंदरांची बिळं उथळ असतील तर शेवटपर्यंत खणून वरच्याच पद्धतीने थरांत भरून घ्या. खोल गेलेल्या बिळासाठी ९ घमेली चाळलेली माती आणि १ घमेलं सिमेंट असं मिश्रण लापशीसारखं पातळ करा, बिळाच्या तोंडात पाईप उभा बसवा आणि हळूहळू ओता. पाईप उभा असल्याने वजनाने मिश्रण आत सरकतं. वरचं तोंड शेवटी चिकणमातीने ठोकून बंद करा. नुसता दगड कोंबला तर दगडाभोवतीची पोकळी तशीच राहते.

झाडांबद्दल गैरसमज असा की मुळं माती धरून ठेवतात. गवताबाबत हे खरं आहे. झाडाचं मूळ मात्र ओलाव्याच्या शोधात भरावात खोल जातं, आणि झाड मेलं की ते कुजून नळीसारखी पोकळी मागे ठेवतं. मनगटापेक्षा बारीक रोप उन्हाळ्यात मुळासकट उपटा आणि खड्डा ठोकून भरा. मोठं झाड स्वतः पाडू नका, विशेषतः तलाव भरलेला असताना. त्याचा बुंधा काढायला लागणारा खड्डाच भरावाला धोक्याचा ठरतो. ते काम पाणी तळाला गेल्यावर आणि अभियंत्याच्या सल्ल्याने व्हावं.

भेगा

माथ्याच्या लांबीने धावणारी, उन्हाने पडलेली बारीक भेग बहुधा वरवरची असते. पाण्याच्या बाजूकडून खालच्या बाजूकडे माथा ओलांडून जाणारी भेग मात्र घातक, कारण ती पाण्याला थेट वाट देते. खोली कळायला भेगेत चुना कालवलेलं पातळ पाणी ओता आणि कडेने खणत जा. पांढरी रेघ संपते तिथे भेग संपते. त्याखाली आणखी ३० सेंटिमीटर खणून थरांत भरा. लांबीच्या भेगेच्या एका बाजूची माती खाली बसली असेल किंवा पायथ्याशी जमीन फुगली असेल, तर उतार सरकतोय. अशा वेळी खणाखणी अजिबात करू नका, फोटो काढा आणि त्याच दिवशी कळवा.

मोरी

भरावाच्या पोटातून जाणारा पाईप ही धरणाची जन्मजात कमजोर जागा आहे. पाईपाला लागून माती नीट ठोकली जात नाही, आणि पाणी बाहेरून पाईपाला चिकटून वाट काढतं. म्हणून मोरीच्या बाहेरच्या तोंडाशी बघताना पाईपाच्या आतून किती पाणी येतं यापेक्षा पाईपाच्या भोवतीने काही येतं का, ते बघा. दार पूर्ण बंद असतानाच हे दिसतं. मोरीच्या रेषेत भरावावर बशीसारखा खळगा पडलेला दिसला तर खाली पाईप फुटून माती आत ओढली जातेय, असंच धरून चाला.

दाराचा आट्यांचा दांडा वर्षातून दोनदा पूर्ण उघडून-बंद करून ग्रीस लावा. एकाच जागी वर्षभर बसलेलं दार पुराच्या रात्री हलत नाही. मोरीचं दार असलेल्या विहिरीत मात्र कुणी थेट उतरू नये. बंद विहिरीत विषारी वायू साचतो. झाकण काही तास उघडं ठेवा, पंख्याने हवा द्या, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर असू द्या आणि वर दोघं थांबा.

मोरीकडून पुराच्या वेळी फार अपेक्षा ठेवू नका. ३० सेंटिमीटरचा पाईप सहा मीटर पाण्याखाली सेकंदाला जेमतेम अर्धा घनमीटर सोडतो, आणि येणारं पाणी वर सांगितलं तसं २२ घनमीटर. पूर सांडव्यानेच जातो.

गाळ काढताना

गाळ काढणं चांगलं आणि शेताला उपयोगी. पण जेसीबी पाण्याच्या बाजूने भरावाच्या पायथ्याला भिडला तर तळाचा चिकण थर कापला जातो, खालचा मुरूम उघडा पडतो, आणि पुढच्या पावसाळ्यात तलाव भरताच पाणी धरणाखालून निघतं. पायथ्यापासून धरणाच्या उंचीच्या निदान दहापट अंतर सोडा: ८ मीटर उंचीला ८० मीटर. चुन्याची रेघ मारा आणि चालकाला ती रेघ स्वतः दाखवा. पांढरट मुरूम लागला की तिथेच थांबायचं.

जूनपूर्वी काय साठवून ठेवायचं

माथ्याजवळ, गाडी भर पावसात पोचेल अशा जागी: ५०० रिकाम्या गोण्या, २ ब्रास जाड वाळू, २ ब्रास बारीक खडी, १ ब्रास मोठी खडी, दोन ताडपत्र्या, फावडी, घमेली, दोर, बॅटऱ्या, शिट्ट्या. क्रश सँड घेणार असाल तर धुतलेली घ्या, तिच्यातली भुकटी पाण्याबरोबर निघून जाते. दहा मीटर लांबीचा माथा एक फुटाने उंच करायला दोनशे ते अडीचशे गोण्या लागतात. गोणी दोन तृतीयांशच भरायची. गच्च भरलेली गोणी दगडासारखी राहते आणि मधल्या फटींतून पाणी जातं.

पाणी चढतंय किंवा गळती गढूळ झाली तर

हवामान खात्याचा रेड अलर्ट म्हणजे २४ तासांत २०४.४ मिलिमीटरपेक्षा जास्त पावसाची शक्यता. अशा रात्री दोघांनी दर तासाला फेरी मारायची, एकट्याने कधीच नाही. सांडव्यात अडकलेले ओंडके काठावरूनच, लांब आकड्याने ओढा. वाहत्या सांडव्यात कुणीही उतरायचं नाही.

पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं बुडबुडत वर येत असेल आणि भोवती वाळूची गोल रांगोळी साचत असेल, तर मनात पहिला विचार ते बुजवायचा येतो. माती, ताडपत्री, सिमेंट, काहीही टाकून बंद करायचं. तसं करू नका. दाबलेलं पाणी शेजारून, आणखी जोराने फुटतं. त्याला वाट द्यायची आणि माती अडवायची. आधी जाड वाळूचा थर, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठी खडी, प्रत्येक थर निदान १५ सेंटिमीटर, आणि वर दगडांचं वजन. उकळीच्या कडेपासून मीटरभर बाहेरपर्यंत हे पसरा. वाळूच वर फेकली जात असेल तर आधी थोडी मोठी खडी टाकून जोर मोडा, मग वाळूपासून सुरुवात करा. दुसरा उपाय म्हणजे भोवती गोण्यांचं गोल कडं करून आत पाणी साचू देणं. पाणी जसं वर चढतं तसा खालचा जोर घटतो. उकळी स्वच्छ झाली की कडं वाढवणं थांबवा आणि पाण्याला एका बाजूने पाईपातून बाहेर सोडा.

तलावात भरावाजवळ भोवरा दिसला तर खालची वस्ती हलवायला तेव्हाच सुरुवात करा. त्यासाठी कुणाच्या परवानगीची वाट बघायची नाही. १०७७ हा जिल्हा आपत्ती कक्षाचा आणि ११२ हा आपत्कालीन मदतीचा क्रमांक. तहसीलदार, पोलीस पाटील आणि धरण ज्यांच्या ताब्यात आहे त्या कार्यालयाला फोन करा. १०० हेक्टरपर्यंत सिंचन करणारी लहान धरणं बहुधा जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे असतात, तरी नक्की कुणाकडे आहे ते मे महिन्यातच विचारून नाव-नंबर माथ्यावरच्या फलकावर रंगवा. पावसात मोबाईलची रेंज जाते, म्हणून देवळाची घंटा किंवा भोंगा यांचा इशारा ठरवा आणि एकदा दिवसा, एकदा अंधारात सराव करा. ओढ्याकाठच्या घरांची यादी करताना म्हातारी माणसं, बाळंतिणी आणि अंथरुणाला खिळलेले यांच्या नावापुढे त्यांना उचलून नेणाऱ्यांची नावं लिहा. जनावरांची दावी आदल्या संध्याकाळीच सोडून ठेवा.

धोका टळला असं वाटलं तरी लोकांना लगेच घरी पाठवू नका. दिवसाउजेडी अभियंत्याने भराव बघितला पाहिजे. पाणी मोरीतून उतरवायचं, पण साध्या वेळी दिवसाला ३० सेंटिमीटरपेक्षा जास्त नाही. आतला भराव ओला असताना बाहेरचं पाणी झपाट्याने उतरलं तर पाण्याकडचा उतार घसरतो. गळतीच गंभीर असेल तर ही मर्यादा मोडायची की नाही, हा निर्णय अभियंत्याचा. पातळी गळतीच्या जागेच्या खाली जाईपर्यंत दर तासाला पाण्याच्या पातळीची खुंटी बघणारा माणूस तिथून हलता कामा नये.